एकशे अठ्ठावीसचं दुसरं कार्ड

मोजणीबाईंच्या ऑफिसची घंटा वाजली, तेव्हा मास्तर खिडकीशी बसून कालचंच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत होते.

मोजणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली होती. कोणी खुंट सरकवला, कोणी बांध कोरला, हे त्यांना दुरून ओळखू यायचं. नोकरी सुटल्यावर लोक जमिनीऐवजी हरवलेल्या गोष्टी घेऊन यायला लागले आणि बाई खासगी तपासनीस झाल्या. मास्तर वरच्या मजल्यावर राहायचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरी एकटे. वर्तमानपत्राचं निमित्त करून रोज खाली यायचे आणि दिवेलागणीपर्यंत बसायचे. का येता, हे बाईंनी कधी विचारलं नाही. मास्तरांनीही कधी सांगितलं नाही.

दारात दोघं उभी होती. साठी ओलांडलेला एक माणूस, बोटांच्या पेरांवर खळ वाळलेली. सोबत तिशीची एक मुलगी.

"हे माझे बाबा," मुलगी म्हणाली. "पुस्तकं बांधतात. त्यांना ऐकू येत नाही. आईलाही येत नव्हतं. आई गेल्या महिन्यात गेली. बोला, मी सांगते त्यांना."

बाइंडर बसले आणि त्यांनी हात उचलले. हातांनी चाललेलं बोलणं मास्तरांनी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. नुसते हात नाही, भुवया, खांदे, गाल, सगळा माणूस बोलत होता. मधेच त्यांनी हनुवटीच्या मध्यावर बोट टेकवलं आणि लेकीकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा टेकवलं. दाढी टोचत असेल, असं मास्तरांना वाटलं. बोलणं बराच वेळ चाललं. मग हात मांडीवर विसावले.

"शेवटच्या दिवसांत आईने कॅमेऱ्यावर एक व्हिडिओ काढला होता, असं बाबांना वाटतं," लेक म्हणाली. "तो सापडत नाही."

"एवढंच म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"साधारण एवढंच."

बाइंडरांनी टेबलावर बोटांनी टकटक केलं. पुन्हा हात चालले. पुन्हा हनुवटी.

"आता काय म्हणाले?"

"तेच. नक्की काढला होता म्हणतात." लेकीने पदराशी चाळा केला. "मला विचाराल तर आई फार थकली होती, बाई. काढायचं मनात असेल, राहून गेलं असेल. पण बाबा ऐकेनात. चल म्हणाले, आले."

मोजणीबाई तिच्याकडे नाही, बाइंडरांच्या हातांकडे बघत होत्या. "त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "काम घेतलं."

*

बाइंडरांचं घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्या. कारखान्यात दाबयंत्र, शिवायला घेतलेली पुस्तकं, खळीचा डबा. दारावरचं बटण दाबलं की घंटेऐवजी दिवा लागायचा. मागच्या खोलीतलं टेबल मास्तरांच्या नजरेत भरलं. दोन खुर्च्या अगदी समोरासमोर, मधे फुलदाणीसुद्धा नाही.

"बोलायचं तर एकमेकांचे हात दिसायला हवेत," लेक म्हणाली. "बाबा अजून त्याच खुर्चीवर जेवतात. समोर बघत."

मास्तरांच्या घरी दुसऱ्या खुर्चीवर त्यांनी मुद्दाम कपड्यांचा ढीग टाकून ठेवला होता.

आतल्या खोलीला काचेचं दार होतं. ज्यांची मुलं ऐकू शकत नाहीत अशा आईबापांसाठी बाइंडरांची बायको इथे खुणांच्या भाषेचे धडे चित्रित करायची. स्टँडवर कॅमेरा तसाच होता. त्याचं तोंड खिडकीकडे आणि पाठ दाराकडे असल्यामुळे बोलणारी खिडकीशी, दाराकडे तोंड करून बसत असणार, असं वाटून मास्तर खिडकीशी गेले, पण तिथे खुर्ची नव्हती. खुर्ची दारालगत होती, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून.

"कॅमेरा आता फिरलाय," लेक म्हणाली. "मी केर काढताना हलवला. एरवी त्याचं तोंड खुर्चीकडे असायचं आणि आईची पाठ दाराकडे."

बाईंनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर धडे बघितले. एकेक धडा दहा-दहा मिनिटांचा, एका दमात काढलेला. पिकल्या केसांची एक बाई हसतमुखाने शिकवत होती. हात पाखरासारखे फिरत होते, तरी प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं.

"कार्ड एकच होतं?"

"एकच. मला त्यातलं फार कळत नाही. कार्ड म्हणजे कार्ड. वरचा आकडा बघायचा, तेवढं मावतं. बाकी सगळी सारखीच." ती थांबली. "धडे माझ्या कॉम्प्युटरवर घेऊन पालकांना पाठवायचे, एवढं मात्र मी करायचे."

बाईंनी कार्ड काढून उजेडात धरलं. त्यावर १२८ असा ठसठशीत आकडा होता. त्यांनी ते परत घातलं.

"मास्तर, खुर्चीवर बसा आणि काहीतरी शिकवा. सेटिंग आहे तेच राहू दे."

मास्तरांनी घसा साफ केला. नदी डोंगरात उगम पावते, असं म्हणून ते जेमतेम पठारापर्यंत पोचले, तोच कॅमेऱ्याने टुकटुक केलं. पडद्यावर अक्षरं आली: रेकॉर्डिंग थांबलं. बाईंनी पुन्हा सुरू केलं. दुसरी नदीसुद्धा डोंगरातच आटली.

"माझ्यात काही खोट असेल," मास्तर म्हणाले.

"तुमच्यात नाही." बाई पडद्याकडे बघत होत्या. "शेवटच्या धड्याचा नंबर बारा आहे. तुमच्या पहिल्या नदीचा चौदा. बघून ठेवा."

मास्तरांनी बघून ठेवलं. त्यावरून काय समजायचं, हे काही त्यांना समजलं नाही.

*

बाइंडरांच्याच इमारतीत तळमजल्यावर फोटो स्टुडिओ होता. तिथला कॅमेरावाला तोंडाचा फटकळ होता.

"बाइंडरांच्या बाईंना मीच शिकवलं," तो म्हणाला. "बोटं पुसट झाली की शब्द पुसट होतो, म्हणायच्या. म्हणजे लिहून दाखवायच्या. म्हणून त्यांचा व्हिडिओ सगळ्यात वरच्या दर्जाचा लावून दिला. आता तसला व्हिडिओ म्हणजे धो धो सुटलेला नळ. घडा कितीही मोठा आणा, तोंड बारीक असेल तर पाणी बाहेरच सांडणार. लोक दुकानात जाऊन घड्याचं पोट तेवढं बघतात. किती जीबी, किती जीबी. तोंड कोणी बघत नाही. कार्ड लिहायला मंद असलं की कॅमेरा थोडी वाट बघतो आणि थांबतो."

बाईंनी कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटसुलट केलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे कुठून आलं? वेगाची खूण बघा, 'सी'च्या पोटात नुसता दहा. हे फोटोंना ठीक. बाईंच्या कार्डावर 'व्ही' आणि पुढे तीस होता, मी स्वतः निवडून दिलेलं. हे कार्ड त्या कॅमेऱ्यात मी मेलो तरी घातलं नसतं."

"आणि नंबर? नवं कार्ड घातलं की कॅमेरा एकपासून मोजतो?"

"त्यांचा नाही मोजत. कार्ड बदलो, शेवटचा नंबर कॅमेरा स्वतः लक्षात ठेवतो आणि पुढून चालू करतो."

"तुम्हाला धडे हवे होते, असं कानावर आलंय."

"हवे होते. नीट जोडून सगळ्यांना दाखवायचे होते. बाइंडर नाही म्हणाले. राग आला, खोटं कशाला बोलू?"

"खुणा येतात?"

"सुरू. थांब. पुन्हा." त्याने तिन्ही करून दाखवल्या. "याच्यापुढे आमचं गाडं अडतं."

बाहेर पडल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "हाच. राग आहे, कार्डांतलं कळतं, आणि राहतो खालीच."

"याला हवे होते ते धडे सगळे जागेवर आहेत, मास्तर," बाई म्हणाल्या.

*

मुलीचा मामा, म्हणजे गेलेल्या बाईचा धाकटा भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे चाव्या बनवायचा. त्याच्याकडे बटणांचा जुना फोन होता, आणि त्यातून भाचीचा नंबर काढायला त्याला मास्तरांची मदत लागली.

"कॉम्प्युटर?" तो हसला. "कुलपाच्या पलीकडचं यंत्र मला कळत नाही. ताईशी मात्र मी आधी हातांनी बोललो, तोंडाने नंतर. आमच्या आईला काळजी पडली होती, हाही बोलत नाही की काय." त्याने कानस खाली ठेवली. "भाऊजींना म्हणतो, माझ्याकडे येऊन राहा. ऐकतच नाहीत." मग स्वतःच्याच शब्दावर तो ओशाळला. "म्हणजे, मानत नाहीत."

"ताईंनी शेवटी काही व्हिडिओ काढला होता?"

"मला नाही सांगितलं. पण तिच्या जिवाला एकच घोर होता, पोरीचा. लांबच्या शहरात कोर्टात दुभाष्याची जागा निघाली होती. ताईनेच अर्ज करायला लावला. बोलावणंही आलं. घरात नुसती दिवाळी. आणि मग एक दिवस पोरगी म्हणाली, जागा भरली. ताईचा चेहरा असा उतरला, तो उतरलाच."

परत येताना बाईंनी रस्त्याच्या कडेला थांबून त्या शहराच्या कोर्टात फोन लावला. मास्तरांना त्यातला एकच शब्द ऐकू आला. "अजून?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. पुस्तकांच्या चळती बाजूला सारून खुर्च्या गोल मांडल्या, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतील.

"आज दुभाष्याचं काम मामा करतील," बाई म्हणाल्या.

लेकीने चमकून बघितलं. "मी आहे ना."

"तुम्ही आज नुसत्या बसा. बाइंडर, पहिल्या दिवशी माझ्याकडे येऊन तुम्ही जे सांगितलं, तेच पुन्हा सांगा."

मामाचे हात चालले. बाइंडर क्षणभर लेकीकडे बघत राहिले, मग बोलू लागले. मामा वाक्यामागून वाक्य जोडत गेला.

"म्हणतात, मी काचेच्या दारातून बघत होतो. तिची पाठ माझ्याकडे. हात पुढे, मला फक्त कोपरं दिसत होती. पण एवढ्या वर्षांनी कोपरंही वाचता येतात." बाइंडरांचं बोट हनुवटीवर टेकलं. मामाचा आवाज जरा खाली आला. "हे पोरीचं नाव. तिच्या हनुवटीला खळी आहे ना, म्हणून. म्हणतात, तिने पोरीचं नाव घेतलं. नंतर 'जा' म्हणाली. हात असा लांबवर गेला. मग मी बाजूला झालो. ते माझ्यासाठी नव्हतं."

मास्तरांना आपली दाढीची कल्पना आठवली आणि ते जमिनीकडे बघू लागले.

"यातला एक शब्दही माझ्यापर्यंत पोचला नाही," मोजणीबाई म्हणाल्या. "तिथे पहिल्यांदा खुंट हललेला दिसला. भाषा कळत नसली तरी लांबी मोजता येते. एवढं मोठं बोलणं आणि एवढंसं भाषांतर."

लेकीने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आता कार्ड. कॅमेऱ्यात सापडलेलं कार्ड मंद आहे. मास्तरांची नदी त्यावर चार पावलंही वाहिली नाही. मग दहा-दहा मिनिटांचे बारा धडे त्याच दर्जात त्याच्यावर उतरले कसे? उतरलेच नाहीत. ते दुसऱ्या, वेगवान कार्डावर उतरले आणि कॉम्प्युटरवरून सावकाश इकडे आणून ठेवले. आणलेल्या व्हिडिओला घाई नसते, मंद कार्डही चालतं. शेवटचा धडा बारा, मास्तर चौदा. तेरावा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या आठवणीत आहे, कार्डावर नाही. म्हणजे आई थकली, राहून गेलं, हे खरं नाही. तो निघाला होता."

"मग माझं नाव निघालं असणार," कॅमेरावाला म्हणाला.

"निघालं होतं. पण जो माणूस घड्याचं तोंड बघतो, तो असं कार्ड मागे सोडून जात नाही. हे कार्ड ज्याने घेतलं त्याने फक्त आकडा बघितला. पहिलं एकशे अठ्ठावीसचं, दुसरंही एकशे अठ्ठावीसचं, झालं काम. मामांना व्हिडिओतलं सगळं समजलं असतं, पण कॉम्प्युटर येत नाही. बाइंडरांना दडवायचं असतं तर ते माझ्या दारात आलेच नसते. खुणा कळणारी, कॉम्प्युटर हाताळणारी आणि सगळी कार्डं सारखीच समजणारी या घरात एकच व्यक्ती आहे."

मामाचे हात अर्ध्यात थांबले. बाइंडरांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, पुढे सांग म्हणून. मामाने सांगितलं.

"पण का?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "दडवायचंच होतं, तर तेवढा एक पुसायचा. दुसरं कार्ड आणून एवढा खटाटोप कशाला?"

"त्यातच सगळं आहे, मास्तर. पुसणं म्हणजे एक बटण. ते बटण तिच्याने दाबवलं नाही. आईचे हात कोण पुसेल? म्हणून तिने कार्डच काढून जपून ठेवलं आणि रिकाम्या जागी दुसरं घातलं. व्हिडिओ शाबूत आहे, याची मला पहिल्यापासून खात्री होती." बाई लेकीकडे वळल्या. आवाज मऊ झाला होता. "मी कोर्टात फोन केला. जागा भरलेली नाही. तुमच्यासाठी दोनदा मुदत वाढवली, म्हणाले. तुम्हीच नाही कळवलंत."

लेकीने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून रुमालाची छोटी घडी काढली. घडीत कार्ड होतं. तिने ते वडिलांच्या हातात ठेवलं आणि मग दोन्ही भाषांत एकदम बोलू लागली. तोंड अडखळत होतं, हात नाही.

"मी बघितला तो, एकटीने. आई म्हणते, जा. बाबांना सांगते, हिला अडवू नका. बाबांनी आईचा शब्द कधी मोडला नाही. हा बघितला असता तर दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी बॅग दाराबाहेर ठेवली असती. आणि मग? गिऱ्हाईक येतं, बोट दाखवतं, जातं. दिवसभर या घरात एक हात हलणार नाही. ते कोणाशी बोलतील? खुर्चीशी?"

बाइंडरांनी कार्ड कॅमेऱ्यात घातलं. सगळे त्या छोट्या पडद्याभोवती दाटीने उभे राहिले.

ती बाई धड्यांतल्यापेक्षा खूपच वाळली होती. हात मात्र तेच. मामा सांगत गेला.

"खळी, तू चार वर्षांची असल्यापासून आमचे कान झालीस. दुकानात, शाळेत, बँकेत. माझा आजार काय आहे, तेसुद्धा डॉक्टरांनी तुझ्या तोंडून मला सांगितलं. तू हसून सांगितलंस. ते मी विसरले नाही. लेकरावर टाकायचं ओझं नव्हतं ते. जागा भरली म्हणालीस तेव्हा तुझी नजर खाली होती. आपल्या भाषेत नजर खाली घालून खोटं बोलता येत नाही, पोरी. जा. आता दुसऱ्यांसाठी बोलशील तर ते तुझं काम म्हणून बोल. आणि तुम्ही," मामा थांबला, डोळे पुसले, "तुम्ही हिला अडवू नका. तुम्हाला कठीण जाईल. मला माहीत आहे. तरी."

पडदा काळा झाला.

बाइंडर लेकीसमोर उभे राहिले. त्यांचे हात सावकाश चालले. मामाने आपणहून सांगितलं.

"म्हणतात, मला वाटलंच होतं तू घेतलंस. पण विचारणार कसं? मला जगाशी बोलायचं तर तुझंच तोंड. तुझीच तक्रार तुझ्याच तोंडाने करायला मी या बाईंकडे आलो. तू सांगितली नाहीस, तरी या बाईंना ऐकू गेली."

लेक रडत होती. बाइंडर तिला जवळ घेत नव्हते. घेतलं असतं तर हात अडकले असते, आणि त्यांचं अजून संपलं नव्हतं.

"म्हणतात," मामा म्हणाला, "तुझी गाडी कधीची आहे, ते बघ."

*

लेक गेली. जाताना तिने बापाला नवा फोन घेऊन दिला. संध्याकाळी बाइंडर तो खळीच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि दोघं हातांनी बोलायची. ते संपलं की कारखाना पुन्हा होता तसा व्हायचा.

मास्तरांनी एक दिवस शिवण उसवलेला नकाशांचा संग्रह बाइंडरांकडे नेला. दुसऱ्या आठवड्यात शब्दकोश नेला. तिसऱ्या आठवड्यात उसवलेलं काही शिल्लक नव्हतं, म्हणून हात हलवत गेले. बाइंडरांनी त्यांना समोर बसवलं आणि पुस्तक, पाणी, चहा, ये, बस अशा खुणा शिकवायला घेतल्या. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या मास्तरांची बोटं लाकडासारखी ताठ होती. बाइंडर ती धरून वाकवायचे.

एका दुपारी बाइंडरांनी मास्तरांकडे बोट केलं, मग लग्नाची खूण केली आणि भुवया उंचावल्या. तुझी बायको?

मास्तरांना खूण येईना. लोकांनी विचारलं की ते 'आता मी एकटाच' म्हणून विषय बदलायचे. 'वारली' हा शब्द त्यांनी आजवर कोणापाशी उच्चारला नव्हता, मोजणीबाईंपाशीसुद्धा नाही. बाइंडर थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळहात हळूच उलटा करून खूण दाखवली. मास्तरांनी तशीच केली. एकदा चुकली. पुन्हा केली.

बाइंडरांनी मान हलवली. मग विचारलं, नाव?

नाव अक्षरांनी नाही सांगायचं, एवढं मास्तरांना आता माहीत होतं. ती कशी होती, ते सांगायचं. पुढच्या दुकानावर ऊन आलं आणि गेलं. शेवटी त्यांनी उजवा हात उचलला आणि नसलेली एक बट कानामागे सारली, बोलायला लागण्याआधी ती सारायची तशी.

बाइंडरांनी तीच खूण करून पाहिली, बरोबर आहे ना म्हणून. मास्तर हो म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले, तिच्यासमोर बसले आणि तिला तिच्या नावाने हाक मारली.